लकी ल्यूक : चित्रकथेचे सिनेरूपांतर

आपल्या सावलीहूनही चपळाईने गोळी झाडणारा लकी ल्यूक हा काउबॉय बेल्जियन चित्रकार मॉरिस (१९२३–२००१) यांनी १९४६ मध्ये ‘स्पिरू’ या साप्ताहिकासाठी निर्माण केला. १९५५ पासून १९७७ मध्ये निधन होईपर्यंत रने गोसिनी त्याच्या कथा लिहीत. त्यावर माणसांना घेऊन केलेले प्रमुख चित्रपट तीन : टेरेन्स हिल यांचा (१९९१), डाल्टन बंधू या चार दरोडेखोर भावांवरचा फ्रेंच चित्रपट (२००४) आणि जाँ द्युजार्दँ नायक असलेला (२००९).

रूपांतराची खरी अडचण मुळातच आहे. ही चित्रकथा हॉलिवूडच्या वेस्टर्नपटांचे, म्हणजे काउबॉयपटांचे, विडंबन करते. मॉरिस यांनी जॅक पॅलन्स, ली व्हॅन क्लीफ अशा नटांचे चेहरेच पात्रांना दिले. खरी धूळ, खरी घोडी आणि खरे वाळवंट आले की विडंबन ज्याची टिंगल करते त्यातच विरघळते. उरतो तो साधा वेस्टर्नपट.

पटकथेतही तेच घडते. सुमारे ४४ पानांच्या अल्बमात (चित्रकथेच्या पुस्तकात) बहुतेक पाने छोट्या गमतीवर संपतात. दीड तासासाठी कथानक ताणले की लेखक नायकाला भूतकाळ चिकटवतात. २००९ च्या चित्रपटात ल्यूकच्या वाट्याला बालपणीची शोकांतिका आली. ल्यूकची गंमत मात्र तो कशानेच हलत नाही यात आहे, त्यामुळे दुःखाचे कारण मिळाले की तो इतर नायकांसारखाच होतो.

सावलीचा विनोद कागदावर एका चौकटीत होतो. पडद्यावर त्यासाठी कॅमेरा जागचा न हलवता एकाच दृश्याचे दोन टेक (चित्रणे) घ्यावे लागतात : एक मऊ प्रकाशात, नटाची सावली जवळजवळ न पडणारा, दुसरा एकाच प्रखर दिव्याने भिंतीवर ठळक सावली पाडणारा. जोडताना सावली सहा-आठ फ्रेम मागे ठेवतात. सेकंदाला २४ फ्रेम असताना ही दिरंगाई पाव ते तृतीयांश सेकंदाची होते. फारच कमी ठेवली तर प्रेक्षकाच्या लक्षातच येत नाही. उन्हात हा प्रकार फसतो, कारण सूर्य तासाला १५ अंश सरकतो आणि दहा मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या टेकमधल्या सावल्यांची दिशा जुळत नाही.

डाल्टन बंधू उंचीच्या उतरंडीने ओळखू येतात : जो सर्वांत बुटका आणि तापट, ॲव्हरेल सर्वांत उंच आणि मठ्ठ. चौघांच्या उंचीत सारखेच अंतर असलेले नट मिळणे दुर्मीळ. मग नटांना पाटांवर उभे करायचे, नाहीतर एखाद्याला खड्ड्यात. चौघे उभे असेतो हे खपते, चालू लागले की चौकटीत पाय दाखवता येत नाहीत.

रंगांचे गणितही वेगळे. मॉरिस अख्खी गर्दी एकाच सपाट रंगात रंगवतात, त्यामुळे नजर ल्यूकवर जाते. चित्रीकरणात ते काम मागच्यांचे कपडे फिके ठेवून करावे लागते. ल्यूकचा पिवळा शर्ट छापल्याइतका भडक शिवला तर वाळूवर चकाकतो आणि चेहऱ्यावर पिवळी झाक पडते, म्हणून छटा उतरवतात.

घोडा जॉली जंपर कागदावर बुद्धिबळ खेळतो. १९९१ च्या चित्रपटात त्याला निवेदकाचा आवाज दिला. तोंड न हलवता त्याला बोलते करणेच सोयीचे : खऱ्या घोड्याचे ओठ शब्दांबरोबर हलवले की तो जाहिरातीतला प्राणी वाटतो, निर्विकार चेहऱ्यामागून टोमणा आला तर तो ल्यूकच्या थंडपणाला शोभतो.