रोबोटिक्सच्या क्लासआधीचं कासव

चार-पाच वर्षांच्या मुलांचे कोडिंग आणि रोबोटिक्सचे क्लास अलीकडचं खूळ वाटतात, पण त्यांचं मूळ साठच्या दशकातल्या अमेरिकेत आहे. सीमोर पॅपर्ट हे मूळचे दक्षिण आफ्रिकेतले गणितज्ञ. मूल आपलं ज्ञान स्वतःच रचत जातं, असं सांगणाऱ्या मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्याकडे जिनिव्हात काही वर्षं काम करून ते अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात आले. १९६७ मध्ये त्यांनी वॉली फॉयर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्यासह मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. यंत्राने मुलाला शिकवायचं नाही, मुलाने यंत्राला शिकवायचं, हा त्यामागचा विचार.

लोगोतलं प्रसिद्ध कासव जरा नंतर आलं. चाकांवर चालणारा, पोटाशी पेन असलेला घुमटाकार रोबो. ‘पुढे ५०, उजवीकडे ९०’ असं चार वेळा सांगितलं की कागदावर चौरस उमटायचा. खरी गंमत त्रिकोणाची. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणून ‘उजवीकडे ६०’ सांगावं, तर कासव निघतं षटकोन काढायला! मग स्वतः कासव होऊन जमिनीवर चालून बघायचं. कोपऱ्यावर १२० अंश वळावं लागतं, हे फळ्याआधी पायांना कळतं.

पण लिहिता-वाचता न येणाऱ्यांचं काय? हा प्रश्न एमआयटीत शिकणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी सत्तरच्या दशकात हाती घेतला. त्यांनी आधी बटणांचा डबा केला: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, शिवाय दिवा आणि भोंगा. नंतर खाचांचं यंत्र. चित्रं असलेली प्लास्टिकची पत्ती खाचांत ओळीने खोचायची आणि बटण दाबायचं; पत्तीमागून पत्ती वाचत कासव चालू लागे. आजच्या क्लासमधला बराचसा माल याच कुळातला. पुढे पर्लमन यांनी हे काम सोडलं. मोजक्या स्त्रियांपैकी एक असताना ‘गोड मुलांबरोबर’ काम केलं तर आपल्याला कोणी गंभीरपणे घेणार नाही, अशी त्यांना धास्ती होती. संगणकांच्या जाळ्यांतलं त्यांचं नंतरचं काम जगभर वापरलं गेलं. नुकसान झालं ते बालवाडीचं.

पॅपर्ट यांच्या १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकाचं नाव १९९८ मध्ये लेगो या खेळणी-कंपनीच्या रोबो-संचाला मिळालं. २००७ मध्ये एमआयटीतूनच ‘स्क्रॅच’ ही पडद्यावरचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची भाषा आली आणि २०१४ मध्ये पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी ‘स्क्रॅचज्युनियर’.

आपल्याकडे १९८४ च्या सुमारास केंद्र सरकारच्या ‘क्लास’ नावाच्या शालेय संगणक-शिक्षण प्रकल्पातून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. नव्वदच्या दशकात शाळेत संगणक शिकलेल्यांना लोगोचं पडद्यावरचं त्रिकोणी कासव आठवत असेल. बहुतेकांनी ते पाठ्यपुस्तकातल्या आज्ञा जशाच्या तशा टाइप करून हलवलं, म्हणजे पॅपर्ट यांना नको होतं नेमकं तेच.

२०२० मध्ये मात्र लाटच आली. मुलं टाळेबंदीत घरी, नव्या शैक्षणिक धोरणात कोडिंगचा उल्लेख आणि मुलांना ऑनलाइन कोडिंग शिकवणाऱ्या मुंबईच्या व्हाइटहॅट ज्युनियरला बायजूज या शिकवणी-कंपनीने ३० कोटी डॉलरना विकत घेतलेलं. कोडिंग शिकून लाखोंची नोकरी पटकावणाऱ्या चिमुरड्यांच्या जाहिराती इतक्या अतिरंजित होत्या की भारतीय जाहिरात मानक परिषदेला लक्ष घालावं लागलं आणि त्यातल्या काही मागे घेतल्या गेल्या. पालकांनी घाबरून नाव नोंदवावं, हाच जाहिरातींचा सूर. धोरणातला कोडिंगचा उल्लेख मात्र सहावीपासूनच्या वर्गांसाठी होता. गोव्याच्या सरकारी योजनेतही कोडिंग-रोबोटिक्स सहावी ते आठवीलाच आहे. त्याखालचं वय जवळजवळ सगळं खासगी क्लासवाल्यांच्या हाती राहिलं.