सगळ्यांना ठाऊक असलेलं यंत्राला कोण सांगणार?

पाऊस आला की छत्री उघडायची, हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणूनच ते कुणी कुठे लिहून ठेवत नाही. माणसाशी प्रश्नोत्तरं करणाऱ्या यंत्रांचं घोडं पहिल्यापासून इथेच अडलं.

१९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ ही गप्पा मारणारी संगणक-प्रणाली मांडली. ती समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायची, अर्थ मात्र तिला उमगत नव्हता. १९८४ मध्ये संगणकतज्ज्ञ डग्लस लेनट यांनी यंत्राला व्यवहारज्ञान देण्याचं ‘साइक’ हे काम हाती घेतलं. तिथे तज्ज्ञ हे ज्ञान यंत्राला कळेल अशा तर्काच्या भाषेत एकेक करून भरत बसले. काम चोख, पण संपणार कधी?

१९९९ मध्ये एमआयटी मीडिया लॅबमध्ये ‘ओपन माइंड कॉमन सेन्स’ सुरू झालं. पुश सिंग आणि सहकाऱ्यांनी हे काम तज्ज्ञांपुरतं न ठेवता सगळ्यांसाठी खुलं केलं. कुणीही साध्या इंग्रजी वाक्यात आपल्याला माहीत असलेलं सांगावं. याच वाक्यांतून पुढे ‘कॉन्सेप्टनेट’ हे ज्ञानाचं जाळं विणलं गेलं. मला हे या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण वाटतं. शिकवायला पदवी लागत नाही, हे तिथे मान्य झालं.

पण दार सताड उघडं ठेवण्याचा धोकाही दिसला. मार्च २०१६ मध्ये ट्विटरवर आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ‘टे’ या गप्पा मारणाऱ्या प्रणालीला लोकांनी शिवीगाळ आणि द्वेष शिकवला, एका दिवसाच्या आत ती मागे घ्यावी लागली.

एप्रिल २०२३ मध्ये यंत्राला संवाद शिकवण्यासाठी लोकांनी मिळून चालवलेल्या ‘ओपन असिस्टंट’ या प्रकल्पाचा संवादसंग्रह खुला झाला, तेव्हा १३,५०० हून अधिक स्वयंसेवकांनी त्याला हातभार लावला होता. एकानं प्रश्न लिहायचा, दुसऱ्यांनी यंत्राच्या जागी बसून उत्तरं द्यायची, इतरांनी त्यांतलं सरस-नीरस ठरवायचं. ३५ भाषांतले १,६१,४४३ संदेश आणि त्यांच्यावरचे ४,६१,२९२ गुणवत्ता-शेरे! लिहिण्याच्या जवळजवळ तिप्पट तपासणी. ‘टे’ला नेमकी हीच चाळणी नव्हती.

त्या संग्रहात भर मुख्यतः इंग्रजी आणि स्पॅनिशची होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ‘आया’ या बहुभाषिक प्रकल्पाच्या संग्रहात ६५ भाषांच्या जाणकारांनी लिहिलेली, तपासलेली प्रश्नोत्तरं आहेत, आणि त्यांत मराठीही आहे. मराठीला याची फार गरज होती. घरातून निघताना आपण ‘येतो’ म्हणतो आणि डब्यातले तांदूळ संपले की ‘वाढले’ म्हणतो. हे यंत्राला सांगायला मराठी घरातलंच माणूस हवं.