शेततळ्याचा तिरपा हिशेब

यवतमाळकडच्या काळ्या वावरात शेततळ्याची आखणी चुन्याची फक्की मारून होते आणि ती होते न होते तोच धुऱ्यावर उभ्या असलेल्या कोणाचा तरी हिशेब तयार असतो: तीस गुणिले तीस गुणिले तीन, म्हणजे 2700 घनमीटर. हा आकडा खरा ठरायचा तर तळ्याच्या बाजू विहिरीसारख्या उभ्या असायला हव्यात. भिजली की फुगणारी आणि उन्हाळ्यात हात आत जाईल इतकी भेगाळणारी आपली माती अशा उभ्या कापावर टिकत नाही, ती खचते. म्हणून दर मीटर खोलीला बाजू दीड मीटर आत घ्यावी लागते.

तीन मीटर खोलीवर चारही बाजू साडेचार मीटर आत सरकतात आणि तळ 21 बाय 21 मीटरचा उरतो. काठाचे क्षेत्रफळ 900 चौरस मीटर आणि तळाचे 441. दोहोंच्या सरासरीला खोलीने गुणले की 2011.5 घनमीटर येतात, तेही थोडे जास्तच. निम्म्या खोलीवर दोरी धरून मोजले तर बाजू 25.5 मीटर भरते, म्हणजे तिथले क्षेत्रफळ 650.25, सरासरीच्या 670.5 पेक्षा कमी. म्हणून काठ, तळ आणि मध्याची चौपट यांची बेरीज करून, तिला सहाने भागून खोलीने गुणतात. उत्तर येते 1971 घनमीटर. याला प्रिझमॉइडल सूत्र म्हणतात.

खोदाईचा दर ब्रासवर ठरला असेल, तर 100 घनफुटांचा, म्हणजे 2.83 घनमीटरचा एक ब्रास धरून हे सुमारे 696 ब्रास होतात. मात्र उकरलेली माती सुटी होऊन फुगते, त्यामुळे ट्रॉल्या मोजल्या तर ब्रास वाढतात. माप खड्ड्याचे की ट्रॉलीचे, हे पोकलेन वावरात उतरण्याआधी ठरवलेले बरे.

पाणी मात्र काठापर्यंत भरत नाही. सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, काठापासून अर्धा मीटर खाली ठेवला की पाण्याची खोली अडीच मीटर आणि वरची बाजू 28.5 मीटर राहते. त्याच सूत्राने साठा 1543 घनमीटर, म्हणजे साडेपंधरा लाख लिटरांच्या आसपास भरतो. खोली सहाव्या हिश्शाने घटली आणि साठा पाचव्या हिश्शाहून अधिक घटला, कारण तळे वरच्या अंगालाच सर्वांत रुंद असते.

हरभऱ्याला 50 मिलिमीटरचे एक ओलित द्यायचे तर एकरी सुमारे 202 घनमीटर पाणी लागते, तेव्हा कागदावर साडेसात एकर भिजतात. पण दिवसाला पाच मिलिमीटर जरी बाष्पीभवन धरले, तरी भरल्या तळ्यातून रोज चार हजार लिटर उडतात, आणि तळाला मुरूम लागून अस्तर नसेल तर पाझर वेगळाच. मी स्वतः पाच एकरच धरतो.