अळसांदे-चण्यांनी पोट गुबारते? कुकर लावण्याआधी एवढे वाचा

श्रावण लागला की आमच्या म्हापशातल्या दुकानात पहिल्या आठवड्यात अळसांदे (गोव्याकडची चवळी), चणे अशी कडधान्ये नेणाऱ्यांची गर्दी असते. दुसऱ्या आठवड्यात त्यांतलेच काहीजण परत येतात. "तुमच्या अळसांद्यांनी पोट फुगलं, बदलून द्या." म्हणून हे पत्रक पिशवीत घालतो आहोत.

अळसांदे, चणे, वाटाणे यांत रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या फोडणारे एन्झाइम माणसाच्या आतड्यात तयार होत नाही. मग त्या न पचताच मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू धरतो. कडधान्य गावठी असो की बाहेरचे, हे चुकत नाही. त्यात एरवी रोज हुमण-भात (माशांची आमटी आणि भात) खाणारे घर श्रावणात एकदम सोमवारी तोणाक (कडधान्याची रस्सा भाजी), मंगळवारी उसळ, बुधवारी मुगागाठी (मोडाच्या मुगाची भाजी) सुरू करते. पोटाला सवय व्हायला दोन-तीन आठवडे तरी द्या. सुरुवातीला वाटीभराऐवजी अर्धी वाटी घ्या.

पण खरी चूक भिजवण्यात होते. गेल्या श्रावणात एका ताईंनी अर्धा किलो अळसांदे परत आणले. विचारले तेव्हा कळले, सकाळी सातला गरम पाण्यात टाकले, साडेआठला त्याच पाण्यासकट कुकरला लावले, वर चिमूटभर सोडा. पाणी का नाही ओतले? तर "कस जातो ना!" थोडा कस जातो हे खरे, पण त्या साखराही त्याच पाण्यात उतरतात. सोड्याने दाणा मऊ होतो, मात्र थायमिन हे जीवनसत्त्व नासते.

अळसांदे रात्री चौपट पाण्यात घाला, आठ-दहा तास ठेवा. चणे-वाटाण्यांना बारा तास लागतात. पावसाळी हवेत पाणी आंबूस होते, म्हणून मध्ये एकदा बदला. सकाळी एक दाणा नखाने दुभागून बघा. मधोमध खडूसारखा पांढरा ठिपका दिसला तर अजून भिजायचा आहे. पूर्ण भिजला की पाणी ओतून टाका, दाणे धुवा आणि ताज्या पाण्यात बोटांनी सहज चुरडेपर्यंत शिजवा. मोड आणले तर या साखरा आणखी कमी होतात. मुगागाठी पोटाला हलक्या लागतात त्या यामुळेच.

भिजवलेला माल आम्ही परत घेत नाही, याचा काहींना राग येतो. ओला दाणा दुसऱ्या गिऱ्हाइकाला देता येत नाही, एवढेच कारण आहे. जुना, कितीही भिजवून न शिजणारा दाणा निघाला तर कोरडा उरलेला माल आणा, लगेच बदलून देऊ.

कडधान्य बंद करूनही पोट फुगत असेल तर दूध, कांदा-लसूण, साखरविरहित गोळ्या, सोडा-बाटली, भराभर जेवणे यांकडे बघा. दिवसातून दहा-पंधरा वेळा वारा सरणे निरोगी माणसालाही होते. मात्र वजन घटणे, शौचातून रक्त, रात्री झोपमोड करणारी कळ असे काही असेल तर हिंग-ओव्यावर दिवस काढू नका, डॉक्टरांकडे जा.

रात्री भिजवायला जमत नसेल तर आदल्या दिवशी दुपारी चारपर्यंत दुकानात सांगा. भिजवून, पाणी बदलून ठेवलेले अळसांदे आणि मोडाचे मूग सकाळी साडेसातपासून मिळतात. शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत लवकर संपतात, तेव्हा गुरुवारीच नाव सांगून ठेवा.