अल्सर तिखटाने होतो?

‘तिखट कमी करा, डोक्याला ताप करून घेऊ नका, अल्सर आपोआप जाईल.’ पोटात व्रण झालेल्या माणसाला हे आजही ऐकावं लागतं. म्हणजे दुखणंही त्याचं आणि दोषही त्याचाच.

१९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी रुग्णांच्या जठरातला एक जिवाणू वाढवून दाखवला, हेलिकोबॅक्टर पायलोरी. आम्लात जिवाणू जगेलच कसा, म्हणून बाकीचे डॉक्टर मानेनात. शेवटी १९८४ मध्ये मार्शल स्वतःच ते जिवाणू प्यायले (हट्टी माणूस!) आणि काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

बहुतेक अल्सरांमागे हा जिवाणू असतो, नाहीतर आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिनसारख्या दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या. मिरचीने जळजळ वाढू शकते, पण व्रण तिच्यामुळे पडत नाही.

मग रुग्णाच्या हातात काय? अँटिबायोटिकचा कोर्स पुरा करणं. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून पाकीट कपाटात टाकायचं नाही. सिगारेट सोडणं, कारण तिच्यामुळे व्रण लवकर भरत नाही. आणि गुडघा दुखला की मेडिकलमधून मनानेच गोळी आणणं थांबवणं. ठेचा सोसत असेल तर ताटात राहू द्या.