हजचं तिकीट, हजचं अनुदान आणि मधली रिकामी विमानं

हज समितीमार्फत जाणाऱ्यांच्या घरी खर्चाचा हिशेब हप्त्यांत चालतो. 2024 च्या हजला माणशी पहिला हप्ता 81,800 रुपये आणि दुसरा 1,70,000 रुपये होता. तिसरा किती, ते विमान कुठून पकडायचं यावर ठरत होतं. पुढच्याच वर्षी पहिला हप्ता 1,30,300 वर गेला. बँकेच्या स्लिपवर कव्हर नंबर घालून पैसे भरायचे (कव्हर म्हणजे एकत्र जाणाऱ्यांचा मिळून एक अर्ज), स्लिप प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची आणि ती पिशवी कपाटात साड्यांच्या खाली. एका कव्हरमध्ये घरचे चार जण असले की आकडा बारा-चौदा लाखांवर जातो. तरी मिठाई द्यायला गेलं की कुणीतरी विचारतंच, "तुम्हाला तर सरकार देतं ना पैसे?"

2018 पासून देत नाही. त्याआधी जे दिलं जात होतं ते यात्रेकरूच्या हातात कधी पडलंच नाही. 'अनुदान' या एका शब्दाने या विषयात इतका घोळ घातला आहे की इथे जागाही त्यालाच जास्त जाणार.

मागचं थोडक्यात. मोगलांच्या काळात हजचं बंदर सुरत होतं. अकबराने 1576 पासून काही वर्षं शाही खजिन्याच्या खर्चाने काफिले पाठवले. त्यातल्या पहिल्यात त्याची आत्या गुलबदन बेगमही होती. आगबोटी आल्या आणि मान मुंबईकडे गेला. इंग्रज सरकारची डोकेदुखी वेगळी होती: एकेरी तिकीट काढून निघालेले गरीब यात्रेकरू मक्केजवळच्या जेद्दा बंदरात अडकून पडायचे आणि त्यांना परत आणण्याचा खर्च सरकारच्या गळ्यात यायचा. 1886 मध्ये एका नामांकित ब्रिटिश प्रवासी कंपनीला हजच्या वाहतुकीचं काम दिलं, ते काही वर्षांतच गुंडाळलं. परतीचं तिकीट किंवा तेवढी अनामत सक्तीची व्हायला 1920 चं दशक उजाडलं. "परतीचे पैसे आहेत का?" हा सरकारी प्रश्न तेव्हापासूनचा.

स्वातंत्र्यानंतर 1959 मध्ये हज समितीचा कायदा झाला. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने खास हजच्या नोटा काढल्या, दहाच्या आणि शंभरच्या, क्रमांकाच्या आधी 'एचए' छापलेल्या. भारतात त्या चालत नसत. न्यायच्या, सौदीत बदलून घ्यायच्या. परकीय चलन जपून वापरायचे दिवस होते आणि आखातात रुपयांच्या बदल्यात सोनं घेण्याचा धंदा जोरात होता. आज या नोटा संग्राहकांकडे सापडतात आणि लिलावात त्यातल्या शंभरच्या नोटेला कधीकधी येणारी किंमत पाहिली तर तेवढ्यात आख्खा हज होईल.

खरी गोष्ट 1973 च्या तेलसंकटापासून सुरू होते. तोवर बहुतेक यात्रेकरू मुंबईहून बोटीने जात. उत्तर प्रदेश, बिहारकडची माणसं रेल्वेने मुंबईत यायची, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात पथाऱ्या टाकायची, बोटीचा दिवस येईपर्यंत तिथेच. पाण्यावर आठवड्याहून जास्त. तेल महागलं, बोटी जुन्या झाल्या, नव्या घ्यायला पैसा नव्हता. सरकारने लोकांना विमानाकडे वळवलं. विमानाचं भाडं बोटीपेक्षा कितीतरी जास्त, तेव्हा मधला फरक सरकार भरेल असं ठरलं. हेच ते अनुदान. तात्पुरती सोय म्हणून आलेली ही गोष्ट चाळीसहून जास्त वर्षं टिकली. बोटी मात्र 1995 मध्ये पुरत्या बंद झाल्या. स्वस्त पर्याय संपला तो तिथे, आणि यावर वाद घालणाऱ्या दोन्ही बाजू नेमकं हेच विसरतात.

फरक भरायचा म्हणजे काय, ते आकड्यांनी कळतं. 1994 मध्ये एका तिकिटाचे विमानकंपन्या 17,000 रुपये लावत होत्या आणि यात्रेकरूकडून 12,000 घेतले जात होते. उरलेले पाच हजार सरकारचे. त्या वर्षी या सोयीने 21,035 जण गेले, म्हणजे साडेदहा कोटींचा मामला. 2011 पर्यंत यात्रेकरू सव्वा लाख झाले आणि बोजा 685 कोटींवर गेला. भागाकार केला तर माणशी जवळपास 54,800. यात्रेकरूचा वाटा तोवर जेमतेम 16,000 झाला होता. 2012 ला अनुदानाने आठशे कोटी ओलांडले.

आता हे पैसे जात कुठे होते? विमानकंपनीच्या खात्यात. तेही कुठल्याही कंपनीच्या नाही. दोन देशांतल्या करारानुसार हजची विमानं मुख्यतः इथली सरकारी कंपनी आणि तिकडची सरकारी कंपनी यांनीच उडवायची. यात्रेकरूला कंपनी निवडता येत नव्हती, तारीखही नाही. कुणी म्हणेल, साधं येण्याजाण्याचं तिकीट बाजारात याहून स्वस्त मिळतं. हो, बऱ्याचदा मिळतं. पण हजच्या विमानाचा हिशेबच निराळा आहे. जाताना विमान भरून जातं आणि जेद्दाहून रिकामं परततं, कारण त्या आठवड्यांत तिकडून इकडे येणारं कुणी नसतं. हज संपल्यावर उलटं: इथून रिकामं जायचं, तिथून भरून आणायचं. एका माणसाच्या येण्याजाण्यामागे विमानाच्या चार फेऱ्या, त्यातल्या दोन मोकळ्या. भाडं दुपटीच्या घरात जायचं एक कारण हे खरंच आहे.

एक कारण, एकमेव नाही. गिऱ्हाईक बांधलेलं, विकणारे मोजके आणि बिलाचा मोठा भाग तिसराच भरणार, अशा दुकानात भाव खाली कशाला येईल? तोट्यातल्या विमानकंपनीला दरवर्षी मिळणारी ही खात्रीची कमाई होती असं मुस्लिम समाजातलेच अनेक लोक वर्षानुवर्षं म्हणत होते. अनुदान बंद करा आणि खुल्या निविदा काढा, ही मागणी त्यांचीही होती. टीव्हीवरच्या चर्चांत हा आवाज फार ऐकू आला नाही. तिथे मामला 'लाड' विरुद्ध 'हक्क' एवढाच राहिला.

प्रकरण न्यायालयात दोनदा गेलं. कराच्या पैशातून एका धर्माच्या यात्रेला मदत हे घटनेच्या 27 व्या कलमात बसतं का, या प्रश्नावर 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अनुदान घटनाबाह्य ठरवलं नाही. कराच्या एकूण रकमेतला हा वाटा नगण्य आहे, असा त्यामागचा तर्क होता. मे 2012 च्या निकालाने मात्र दहा वर्षांत अनुदान टप्प्याटप्प्याने संपवा असं सांगितलं. त्यात कुराणातल्या तिसऱ्या अध्यायाची 97 वी आयत (वचन) उद्धृत केली आहे: ज्याची तिथवर जाण्याची ऐपत आहे त्याच्यावरच हज आहे. फिकहच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या, भाषेत इस्तिताअत. ऐपत हा शब्द दिसतो तेवढा सरळ नाही. कर्ज फेडलेलं असावं, मागे राहणाऱ्या घरच्यांचा खर्च सुटलेला असावा, प्रकृती धड असावी, वाट सुरक्षित असावी, हे सगळं त्यात येतं. दुसऱ्याने दिलेल्या मदतीवर जाऊच नये असं त्यातून निघत नाही. मुलाने आईचं तिकीट काढलं तर तिचा हज होतोच. धर्मनिरपेक्ष न्यायालयाने आयतीचा आधार घ्यावा का, यावर तेव्हा कुजबुज झाली. माझ्या मते निकाल आकड्यांवरच उभा राहिला असता. जाता जाता त्याच निकालाने सरकारी खर्चाने हजला जाणाऱ्या सदिच्छा शिष्टमंडळालाही कात्री लावली. त्याची बातमी फार झाली नाही.

मुदत 2022 पर्यंत होती. सरकारने चार वर्षं आधीच, 16 जानेवारी 2018 ला, अनुदान संपल्याचं जाहीर केलं आणि वाचणारा पैसा अल्पसंख्याक मुलींच्या शिक्षणाला लावू म्हटलं. त्या वर्षी गंमत झाली. 2017 ला 1,24,852 यात्रेकरूंचे मिळून विमानाचे 1,030 कोटी झाले होते; 2018 ला 1,28,702 जणांचे 973 कोटी झाले. माणसं वाढली आणि बिल उतरलं. अनुदानाने भाडं कमी ठेवलं होतं की वर, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला तरी उत्तर या दोन आकड्यांत दिसतं.

खिशाला मात्र आराम मिळाला नाही, कारण विमान हा खर्चाचा एकच भाग. बाकी सगळं रियालमध्ये. रियाल 1986 पासून डॉलरला 3.75 च्या दराने बांधलेला आहे, म्हणजे रुपया डॉलरपुढे घसरला की रियालपुढेही घसरतो. 1994 ला एक रियाल साडेआठ रुपयांच्या आत होता, आता बावीसच्या वर. सौदीने 2018 मध्ये 5 टक्के व्हॅट आणला आणि जुलै 2020 मध्ये तो 15 टक्के केला: खोली, बस, मक्केजवळच्या मिनातला तंबू, सगळ्यावर. पूर्वी समिती निघताना यात्रेकरूच्याच भरलेल्या पैशातून 2,100 रियाल हातात द्यायची. 2023 ला ते थांबलं, ज्याने त्याने आपले रियाल घ्यायचे. कागदावर हज स्वस्त दिसला. पण हा खर्च फक्त यादीतून निघाला होता, खिशातून नाही.

आणि मग एम्बार्केशन पॉइंट, म्हणजे हजचं विमान जिथून सुटतं ते ठिकाण. एकट्या मुंबईवरून यादी 21 ठिकाणांवर गेली. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, औरंगाबाद. अनुदान होतं तोवर कुठूनही निघालं तरी वाटा तोच असल्याने जवळचा पॉइंट घ्यायचा, प्रश्नच नव्हता. अनुदान गेल्यावर प्रत्येक ठिकाणाचं खरं भाडं उघडं पडलं. 2023 ला औरंगाबादहून जाणाऱ्याला मुंबईपेक्षा सुमारे 88 हजार जास्त मोजावे लागत होते, ते प्रकरण खंडपीठापर्यंत गेलं. 2024 ला केरळात तेच: कोचीहून 86 हजार, कोळिकोडहून 1,65,000. कोळिकोडची धावपट्टी डोंगरमाथ्यावरची आणि 2020 च्या अपघातापासून तिथे मोठी विमानं उतरत नाहीत. लहान विमानात माणसं कमी, माणशी भाडं जास्त. ओरड झाल्यावर भाडं उतरलं, फरक उरलाच.

मराठवाड्यातल्या लोकांनी त्यावर आपला उपाय काढला. अर्जात औरंगाबाद खोडून मुंबई घातलं. आता जालना-परभणीकडचं चौघांचं कव्हर रात्रीच्या गाडीने मुंबईला येतं, सीएसएमटीला उतरतं, बॅगांवर मार्करने मोठ्या अक्षरात कव्हर नंबर लिहिलेला, आणि तिथून हज हाऊसपर्यंत पायी दहा मिनिटं. 2023 च्या फरकाने चौघांचे मिळून जवळपास साडेतीन लाख वाचायचे, गाडीभाडं आणि वाटेतले डबे वजा जाता.