बर्फाखालची दुपार : क्रॅपी मासा, प्रकाश आणि वाताशय

अमेरिकेच्या मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या राज्यांत हिवाळ्यात तळी गोठली, की त्यांच्यावर माणसांची वर्दळ सुरू होते. गिरमिटाने बर्फात वीतभराहून थोडे लहान भोक पाडायचे, त्यातून बारीक गळ सोडायचा आणि थंडीत वाट पाहत बसायचे, अशी ही मासेमारी तिथे घरोघरी चालते. या मंडळींच्या आवडत्या माशांपैकी एक म्हणजे क्रॅपी. सूर्य मावळतीला लागला की तो सहसा गळाला लागू लागतो, पण भर दुपारी त्याच तळ्यात, त्याच भोकाशी तासन् तास बसूनही पुष्कळदा काही हाती येत नाही. दिवसा त्याला भूक नसते, असा याचा अर्थ लावला जातो. माझ्या मते तो अपुरा आहे. दुपारी क्रॅपी कुठे असतो आणि तिथे का असतो हे समजून घेतले, तर तो सापडतोही. मात्र ज्या खोलीवर तो सापडतो, तिथून त्याला वर काढण्यात एक जीवशास्त्रीय अडचण आहे, आणि या लेखातील सर्वांत महत्त्वाची बाब तीच आहे.

क्रॅपीच्या दोन जाती आहेत, काळी आणि पांढरी. काळ्या क्रॅपीच्या पाठीवरील परामध्ये (पोहण्याच्या पंखामध्ये) बहुधा सात किंवा आठ काटे असतात, तर पांढरीच्या परामध्ये पाच किंवा सहा. मिनेसोटातील निवळ पाण्याच्या तळ्यांत मुख्यतः काळी जात आढळते. दोन्ही बाजूंनी चपटा, चंदेरी अंगावर काळे ठिपके असलेला हा मासा साधारण २० ते ३० सेंटिमीटर लांबीचा असतो. त्याचे डोळे मोठे असतात आणि तोंड वरच्या दिशेला उघडते, त्यामुळे आपल्या पातळीच्या किंचित वर असलेले भक्ष्य त्याला चटकन दिसते आणि ते टिपणेही सोपे जाते. त्याच्या कल्ल्यांच्या कमानींवर लांब, बारीक काट्यांची दाट रांग असते. त्या रांगेमुळे मोठा झाल्यावरही तो लहान मासोळ्यांच्या जोडीने सूक्ष्म प्राणिप्लवकांवर पोट भरू शकतो. दुपारचे कोडे सोडवताना डोळा आणि आहार या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात.

पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. गोठलेल्या तळ्यात त्याचा परिणाम असा होतो, की बर्फाला लागून असलेले पाणी शून्य अंशाजवळ असते आणि खाली जावे तसे ते किंचित उबदार होत तळाशी ४ अंशांच्या आसपास पोचते. उन्हाळ्यात थरांचा क्रम याच्या उलट असतो. हा फरक जेमतेम चार अंशांचा असला, तरी ज्याच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते अशा प्राण्याला तो नगण्य नसतो. या थंडीत माशाचे पचन मंदावते, हालचाली सावकाश होतात आणि त्याला थोड्याच अन्नाची गरज भासते. तरीही क्रॅपी निद्रिस्त होत नाही, तो सर्व हिवाळाभर खात राहतो.

मग दुपारी त्याला खोल पाण्यात काय राखून ठेवते? याचे पहिले उत्तर प्रकाश हे आहे. ४५ अंश उत्तर अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस दिवस पावणेनऊ तासांचा असतो आणि मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून अवघ्या २१ ते २२ अंशांवर असतो. एवढ्या तिरप्या उन्हातही, हंगामाच्या सुरुवातीचा निवळ, काचेसारखा बर्फ बराचसा प्रकाश खाली जाऊ देतो. त्यावर काही सेंटिमीटर ताजे हिम साचले मात्र, की चित्र पालटते. ताजे हिम पडलेल्या प्रकाशापैकी ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परत फेकते आणि उरलेल्यापैकीही बराच स्वतःच शोषून घेते. म्हणून ‘दुपार’ हा शब्द बर्फाखाली सगळीकडे सारखा लागू पडत नाही. हिमाने झाकलेल्या तळ्यात दुपारीही संधिप्रकाशाइतकाच उजेड असू शकतो आणि तिथे क्रॅपी दिवसाही चांगला खातो. उघड्या, पारदर्शक बर्फाखाली मात्र तो उथळ काठ आणि पाणवनस्पती सोडून तळ्याच्या मधल्या खोलगट भागाकडे सरकतो.

दुसरे कारण अन्नाचे आहे. डॅफ्नियासारखे प्राणिप्लवक पुष्कळ तळ्यांत उजेडात खाली उतरतात आणि अंधारात वर येतात, कारण उजेडात माशांना ते दिसतात. चॅओबोरस नावाच्या डासासारख्या कीटकाच्या काचेसारख्या पारदर्शक अळ्या दिवसा तळाच्या गाळात किंवा त्याच्या लगत राहतात आणि रात्री पाण्यात वर चढतात. बर्फाखाली हा प्रवास उन्हाळ्याइतका ठळक नसला, तरी तो थांबत नाही. क्रॅपीचे ताट अशा रीतीने दिवसा खाली मांडलेले असते, आणि तोही त्यासोबत खाली राहतो. संध्याकाळी ते ताट वर सरकते, माशांचे थवे विखुरतात, चढतात आणि बर्फावर बसलेल्या माणसाला मासे ‘अचानक’ लागू लागतात.

पण क्रॅपी तळालाच टेकून राहतो, असे नाही. पुष्कळदा तो मधल्याच पातळीवर तरंगत असतो, आणि हिवाळा जसजसा पुढे सरकतो तसतसे हे अधिक दिसते. याचे कारण प्राणवायू. शून्य अंशाचे पाणी हवेतून लिटरला सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू सामावून घेऊ शकते, तर २५ अंशांचे पाणी जेमतेम ८.३ मिलिग्रॅम, म्हणजे गोठताना तळ्याकडे साठा भरपूर असतो. परंतु बर्फाचे झाकण बसल्यावर हवेशी देवाणघेवाण बंद होते, हिमामुळे वनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण मंदावते, आणि गाळातले जीवाणू कुजणाऱ्या पानापाल्यावर काम करत राहून प्राणवायू संपवत राहतात. ही तूट तळापासून वर वाढत जाते. विस्कॉन्सिनमध्ये एडवर्ड बर्ज आणि चान्सी ज्युडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तळ्यांतील विरघळलेल्या वायूंची खोलीनिहाय मोजणी केली. तळ्याचा अभ्यास कोणत्या थरात काय विरघळले आहे हे मोजल्याशिवाय होत नाही, ही शिस्त अमेरिकेत रुजवण्यात त्या दोघांचा वाटा मोठा आहे. फेब्रुवारीत क्रॅपी तळापासून दोन-तीन मीटर वर तरंगताना दिसला, तर तो खालून सरकणाऱ्या प्राणवायूच्या तुटीपासून दूर राहत आहे, असे समजण्यास आधार असतो. उथळ तळ्यात ही तूट सबंध पाण्यात पसरली, तर मासे मोठ्या संख्येने गुदमरून मरतात.

एवढ्या मोठ्या खोलगट भागात तरंगणारा थवा शोधायचा तर एका भोकाशी बसून चालत नाही. दिवसा मासे धरणारे लोक एकामागून एक भोके पाडत चालतात आणि प्रत्येक भोकात ध्वनियंत्राचा (प्रतिध्वनीवरून मासे पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा) संवेदक पाण्यात सोडून पाहतात. ४ अंशांच्या गोड्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,४२० मीटर असतो, त्यामुळे ९ मीटर खाली जाऊन परत आलेला प्रतिध्वनी जवळपास १३ मिलिसेकंदांत मिळतो. संवेदकातून शंकूसारखा पसरणारा ध्वनी २० अंशांचा असेल, तर त्या खोलीवर तो ३ मीटरहून थोड्या अधिक व्यासाचे वर्तुळ पाहतो. त्या वर्तुळाच्या कडेला असलेला मासा यंत्राला तिरप्या अंतरामुळे प्रत्यक्षापेक्षा सुमारे १४ सेंटिमीटर खाली दिसतो. ज्या माशाला भक्ष्य डोळ्यांच्या वर लागते, त्याच्या बाबतीत १४ सेंटिमीटरांची चूक क्षुल्लक नाही.

प्रतिध्वनी प्रामुख्याने कशावरून येतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. माशाचे मांस ध्वनीच्या दृष्टीने पाण्यापासून फारसे वेगळे नसते. वायूने भरलेला वाताशय मात्र अगदी वेगळा असतो. वाताशय असलेल्या माशांवरील मोजणीत परतणाऱ्या ध्वनिऊर्जेपैकी ९० टक्के किंवा त्याहून अधिक वाटा त्याचाच आढळला आहे. पडद्यावर जी रेषा दिसते, ती माशाची म्हणण्यापेक्षा त्याच्या पोटातल्या वायूच्या पिशवीची असते.

गळाचे टोकही याच विचाराने निवडतात. टंगस्टनची घनता पाण्याच्या १९.३ पट आणि शिशाची ११.३ पट, म्हणून तेवढ्याच वजनाचा टंगस्टनचा गोळा शिशाच्या जेमतेम ६० टक्के आकारमानात बसतो, झपाट्याने खाली पोचतो, आणि पडद्यावर स्पष्ट दिसतो. शिवाय शिसे पाणपक्ष्यांना विषारी असते, म्हणून टंगस्टनकडे वळणे मला योग्य वाटते. मेणकिड्याची एक अळी लावलेला तो इवलासा गळ माशाच्या पातळीहून अर्धा मीटर वर थांबवतात, किंचित थरथरवतात आणि मग अतिशय सावकाश वर उचलतात. पडद्यावर खालची जाड रेषा गळाच्या बारीक रेषेमागोमाग वर चढू लागते, थांबते, पुन्हा चढते. क्रॅपी भक्ष्य खालून घेतो आणि घेतल्यावरही थोडा वर येतो, म्हणून दोऱ्याला हिसका बसत नाही. उलट दोरा सैल पडतो आणि काठीच्या टोकाची वाकलेली नाजूक तार हळूच सरळ होते. हे न ओळखल्यामुळे पुष्कळ मासे हातचे जातात. ओळखल्यावरही झटका देऊन चालत नाही, कारण क्रॅपीच्या तोंडाभोवतीची पातळ त्वचा सहज फाटते.

आता त्या वायूच्या पिशवीचे दुसरे अंग. आपल्याकडील रोहू, कटला यांच्या वाताशयातून अन्ननलिकेत एक नलिका उघडते, त्यामुळे वाढलेला वायू त्यांना तोंडावाटे सोडता येतो. क्रॅपीच्या प्रौढावस्थेत अशी नलिका नसते. त्याच्या वाताशयात वायू रक्तातूनच येतो आणि रक्तातूनच जातो, आणि हे काम सावकाश चालते. ९ मीटर खोलीवर एकूण दाब वातावरणाच्या जवळपास १.९ पट असतो, म्हणून तिथला मासा काही सेकंदांत वर ओढला, तर बॉइलच्या नियमानुसार वायूचे आकारमान तेवढ्याच पटीने वाढू पाहते. जठर तोंडाकडे ढकलले जाते, डोळे बाहेर येतात, रक्तवाहिन्या फुटतात. संध्याकाळी ९ मीटरवरून ५ मीटरवर स्वतःहून चढणाऱ्या माशाला दाब १.९ वरून १.५ पट होईपर्यंत भरपूर वेळ मिळतो. गळाला लागलेल्याला तो मिळत नाही.

म्हणून ‘लहान आहे, सोडून देतो’ हा चांगुलपणा भर दुपारी खोल पाण्यावर निरुपयोगी ठरू शकतो. सोडलेला मासा बर्फाखाली तरंगत राहून मरतो आणि तो वर बसलेल्या माणसाला दिसतही नाही. साधारण ९ मीटरच्या खालून काढलेले मासे जगतील असे धरून चालू नये, असा सल्ला मिनेसोटातील मत्स्यव्यवस्थापनात दिला जातो. त्या राज्यात क्रॅपीची सर्वसाधारण दैनंदिन मर्यादा १० आहे आणि काही तळ्यांत त्याहून कमी आहे. खोल पाण्यात मात्र मोठे मासे निवडत लहान परत सोडत बसणाऱ्याने दहा घरी नेले, तरी मारलेले त्याहून कितीतरी अधिक असू शकतात. अलीकडच्या काळात आडव्या दिशेने, हलते चित्र दाखवणारी ध्वनियंत्रे आली आहेत, त्यामुळे तरंगणारा थवा भोके पाडण्याआधीच हेरता येतो. उत्तरेच्या थंड पाण्यात क्रॅपी वाढायला कित्येक वर्षे घेतो, आणि एका साली पुष्कळ पिल्ले जगली तर पुढची काही साले कोरडी जाणे हेही त्याच्या बाबतीत नेहमीचेच आहे. त्यामुळे जाणते लोक दुपारी ६ ते ८ मीटरचे खोलगट भाग निवडतात, त्याहून खाली गळ सोडलाच तर जो मासा येईल तो परत न सोडता मर्यादेच्या मोजणीत धरतात, आणि हवे तेवढे झाले की दोरा गुंडाळतात.